गावच्या नाटकाचा कपडेपट पहिल्यांदाच माझ्याकडे आला आहे. सुरुवात कुठून करू?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: जत्रेचं नाटक, १९४०-४५ च्या काळातलं कोकणातलं घर, मुंबईहून परत येणारा मुलगा, घरात एक विधवा आत्या, पैसे बेताचे, आणि मंडळातले सगळे म्हणताहेत की ड्रेपरी, म्हणजे नाटकाचे भाड्याचे कपडे, ठरवून टाका म्हणजे काळजी मिटली.

मी सिंधुदुर्गातल्या एका हौशी मंडळाचा कपडेपट सांभाळते. मुलगी बालवाडीत होती तेव्हा हे काम अंगावर घेतलं, आता तिची लेक आमच्या नाटकात परकर-पोलकं घालून वावरते. आमच्यात मानधन कोणीच घेत नाही. या कामावर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ड्रेपरीवाल्याकडे जायलाच नको असं नाही. दरबार असेल, देव-दानव असतील, तर मुकुट, जिरेटोप, चिलखतं भाड्यानेच आणावीत. पण तुमचं नाटक घरातलं आहे. भाड्याचे कपडे प्रयोगाच्या दिवशी दुपारी येतात, इस्त्री करून, एका मापाचे. नट ते अंगात घालतो आणि तासाभरात रंगमंचावर उभा राहतो. कपड्याची आणि त्याची ओळखच झालेली नसते. धोतर सुटेल या भीतीने तो एक हात कमरेवर ठेवूनच सगळी वाक्यं म्हणतो. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे: कपडा तालमीत आला पाहिजे. शेवटच्या रंगीत तालमीत नव्हे, हातातली संहिता खाली ठेवली की लगेच.

त्यासाठी आधी संहिता वाचा, आणि प्रत्येक पात्राच्या प्रत्येक प्रवेशापुढे तीन गोष्टी लिहा. हा माणूस आत्ता कुठून आला, येण्याआधी काय काम करत होता, आणि त्याचे कपडे धुतं कोण. तुमचा मुंबईचा मुलगाच घ्या. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली १९९८ साली. त्या काळात मुंबईहून आपल्या किनाऱ्यावर माणूस यायचा तो बहुतेक आगबोटीने. बोट खोल पाण्यात उभी राहायची, तिथून पडावात उतरायचं आणि शेवटी गुडघाभर पाण्यातून चालत किनारा गाठायचा. म्हणजे हा मुलगा अंगणात येतो तेव्हा त्याच्या धोतराचा खालचा काठ ओला आहे, वहाणा हातात आहेत, आणि डेकवर वळकटीला टेकून रात्र काढल्यामुळे कोट पाठीवर चुरगळलेला आहे. प्रवेश पावसाळ्यातला असेल तर बोटी बंद, मग तो घाटावरून फिरून आलेला असणार, आणि पोटऱ्यांपर्यंत तांबडी माती. हे ठरलं की नटाला काही शिकवावं लागत नाही. वहाणा हातात दिल्या की तो आपोआप आधी पाय धुवायला वळतो, आणि आईला वाकून नमस्कार करायचा तो ओल्या पायांनी करतो. आमच्या दिग्दर्शकांनी अशा एका प्रवेशाची सगळी हालचाल वहाणांमुळे बदलली होती.

नऊवारीबद्दल मात्र माझा आग्रह आहे. हल्ली शिवलेली नऊवारी मिळते, आणि विंगेत दोन मिनिटांत कपडे बदलायचे असतील तर ती सोयीची आहेच. पण घरात राबणाऱ्या बाईला ती देऊ नका. तिच्या निऱ्या फार नीटनेटक्या बसतात, आणि मुली ती नेसून गणपतीत फोटो काढायला उभ्या राहिल्यासारख्या चालतात, पावलं मोजत. खरं म्हणजे काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात. आपल्या बायकांनी सव्वाआठ मीटरच्या लुगड्यात भाताची लावणी केली, विहिरी शेंदल्या. आमच्याकडे कॉलेजातली एक मुलगी आईची भूमिका करत होती. तालमीला लेगिंग घालून यायची, कळशी उचलायची ती व्यायामशाळेत वजन उचलतात तशी. तिला एक जुनं सुती लुगडं दिलं आणि रोज तेच नेसून तालीम करायची अट घातली. पहिले काही दिवस ती सारखी ओचा चाचपत होती. मग एका संध्याकाळी कळशी खाली ठेवली, ओले हात पदराला पुसले, पदर कमरेला खोचला आणि तशीच उकिडवी बसून नारळ सोलायला लागली, वाक्य न थांबवता. यातलं काहीच संहितेत नव्हतं.

आत्यासाठी पांढरी साडी आणू नका. पांढऱ्या साडीची सवय आपल्याला पडद्यावरून लागली आहे. त्या काळच्या ब्राह्मण घरातली केशवपन केलेली विधवा तांबडं आलवण नेसायची, पदर डोक्यावरून घट्ट. घर दुसऱ्या समाजाचं असेल तर आधी वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. मात्र तांबडा रंग निळ्या प्रकाशात काळपट दिसतो. रात्रीच्या प्रवेशात आत्या अंधारात बुडेल, म्हणून आलवणाचा तुकडा घेऊन प्रकाशयोजना करणाऱ्याकडे जा आणि त्याच्या दिव्याखाली धरून बघा. प्रत्येक कापडाचं असंच करा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली केलेली खरेदी मंडपात फसवते.

कापड सुतीच घ्या. टेरिलीन, पॉलिस्टर त्या काळी आपल्या घरांत नव्हतं, आणि एलईडीच्या दिव्यात त्याची चमक शेवटच्या रांगेतूनही कळते. नवं पांढरंशुभ्र धोतरही डोळ्यांत खुपतं. ते मारायला चहा पुरतो: पातेलंभर पाण्यात चहाची पूड उकळून गाळायची, धोतर आधी साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्यायचं म्हणजे डाग न पडता रंग सारखा चढतो, मग चहात बुडवून हलवत राहायचं आणि सावलीत वाळवायचं. कापडात पॉलिस्टरची भेसळ असेल तर रंग नीट धरत नाही, म्हणून आधी चिंधीवर बघा. कोपर, कॉलर, गुडघा झिजवायला मी आपला जांभा दगड वापरते. परसातल्या चिऱ्यावर कापड घासलं की धागे विरतात, आणि काठाला ती तांबूस छटा लागते जी आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या धोतराला असते. ती कुठल्याही ड्रेपरीत मिळणार नाही. भटजी, मास्तर अशा पात्रांना मात्र कडक धोतर हवं, त्यासाठी भाताची पेज गाळून खळ द्या. जत्रेचं नाटक मध्यरात्रीनंतरही चालतं आणि दव पडतं, त्यामुळे खळ नेहमीपेक्षा दाट ठेवा, नाहीतर तिसऱ्या अंकापर्यंत धोतर लोंबतं.

तुमचे अर्धे नट चाकरमानी असणार आणि तालमी मुंबईत करून आदल्या दिवशी गावात उतरणार. त्यांची मापं फोनवर मागवू नका. एकमेकांची मापं घेताना लोक टेप हवा तसा ओढतात. प्रत्येकाला नीट बसणारा एक शर्ट गावी येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवायला सांगा आणि शर्टावरून माप घ्या. डोक्याचा घेर तेवढा दोऱ्याने मोजून मागवा, टोपी नेहमी तिथेच अडते. शिवताना बाजूच्या शिवणीत दोन-दोन बोटं मार्जिन सोडा, म्हणजे पुढच्या वर्षी तोच कोट दुसऱ्याला होईल. काखेत आतून सुती कापडाचा जाड तुकडा कच्च्या टाक्याने लावा. घाम तो पितो, आणि प्रयोगानंतर उसवून तेवढाच धुता येतो. मुंबईतल्या तालमींसाठी प्रत्येकाला जुनं धोतर आणि एक वहाणांचा जोड आधीच पाठवून द्या. बाहेरून स्त्री-पात्र आणणार असाल तर त्या बाई बहुधा स्वतःच्या साड्या घेऊन येतात. त्यांना काळ आणि घरची परिस्थिती आधी नीट सांगा, नाहीतर गरीब घरातली आई जरीकाठी साडीत येते.

प्रयोगाच्या रात्री विंगेत उभ्या राहून प्रत्येकाच्या मनगटाकडे बघा. घड्याळ, लाल धागे, रबरी पट्ट्या, नखांचा रंग. रंगभूषा चेहऱ्यापाशी थांबते, हात आपणच बघायचे. जवळ सुईदोरा ओवून ठेवा, नाड्या, टिचबटणं, आणि स्टीलच्या पिना घ्या. साध्या पिना खाऱ्या हवेत गंजतात आणि कापडावर डाग सोडतात. पांढऱ्या सुती कापडावर असा डाग पडलाच तर लिंबू-मीठ चोळून उन्हात टाका.

पैशांचं म्हणाल तर वाडीतल्या ट्रंका हेच तुमचं भांडार आहे. घरोघर जा, नाटक काय आहे ते सांगा, लोक आजीची लुगडी, आजोबांचा कोट काढून देतात. एका आजींनी मला लुगडं दिलं तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "माझां लुगडां माका परत व्हया हां." त्यामुळे वहीत नोंद करा: कोणाचं, काय, आधीपासून कुठे फाटलेलं. आतल्या बाजूला घराचं नाव लिहिलेली कापडी पट्टी टाचा. अशा वस्तूंवर चहा, दगड, कात्री काही चालवायचं नाही. ते उद्योग विकतच्या कापडावर. प्रयोग झाला की दुसऱ्या दिवशी मंडप उतरत असतानाच सगळं उन्हात पसरा, जरीचं असेल तर सावलीत. घामट कापड ट्रंकेत गेलं तर आपल्या हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही. धुऊन, उसवलं असेल तिथे टाका घालून, घडी बदलून प्रत्येक वस्तू स्वतः नेऊन द्या, मुलांच्या हाती पाठवू नका. मंडळाचे स्वतःचे कपडे सुती चादरीत बांधून कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यात ठेवा, आणि पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या उन्हात एकदा बाहेर काढा.