आयरिश नावांतला ‘नी’

प्रश्न असा आहे: नूअला नी गोनिल या आयरिश कवयित्रीच्या नावातला ‘नी’ म्हणजे मधलं नाव का, आणि मराठीत लिहिताना तो गाळला तर चालेल का?

कृपया गाळू नका. आयरिश आडनावातला ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, ‘मॅक’ म्हणजे मुलगा. दोन्ही पुरुषांचे. ब्रीअन घराण्यातला पुरुष ‘ओ ब्रीअन’, त्याची लेक ‘नी व्रीअन’ आणि बायको ‘बॅन ई व्रीअन’. ‘बॅन’ म्हणजे बाई, बायको. ‘नी’ हा ‘इनीन ई’चा, म्हणजे ‘ओ-ची लेक’ याचा संक्षेप. मॅकवाल्या घरांत लेकीच्या ‘नी’चं ‘निक’ होतं आणि बायकोच्या ‘ई’चं ‘विक’. आपण कु. आणि सौ. नावाआधी लावतो, तिथे ते आडनावातच मुरलेलं आहे.

बाई कोणाची, हा प्रश्न तिथल्या जुन्या कायद्यालाही पडलेला होता. मुलीवर बापाची नजर, बायकोवर नवऱ्याची, आईवर मुलांची, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. ‘पिता रक्षति कौमारे’ ऐकत वाढलेल्या आपल्याला हे वाचून चपापायला होतं. तरी त्याच कायद्यात बायकोला नवरा सोडण्याची बरीच कारणं मान्य होती, हेही सांगायला हवं.

सागरी सरदारीण ग्रॉन्या नी वॉल्या दोनदा लग्न होऊनही बापाच्याच कुळाच्या नावाने ओळखली गेली. १५९३ मध्ये इंग्लंडच्या राणीच्या सरकारने तिला १८ लेखी प्रश्न घातले. सरदारांच्या विधवांना काय मिळतं, हा त्यांतला एक. तिचं उत्तर: जमिनीतला तिसरा हिस्सा मिळत नाही, लग्नात आणलेलं धन परत मिळायचं, पण नवरे कर्जात मरतात, मग तेही बुडतं. तिच्या जहाजांच्या गोष्टी सगळे सांगतात. मला हे उत्तर जास्त मोलाचं वाटतं.

स्वतंत्र आयर्लंडमध्ये तर ‘नी’चं ‘बॅन ई’ झालं की सरकारी नोकरीच जायची. प्राथमिक शिक्षिकांवरची ही बंदी १९५८ मध्ये उठली, नागरी सेवेतली थेट १९७३ मध्ये.

आता लग्नानंतरही ‘नी’ ठेवणाऱ्या पुष्कळ आहेत. नूअला नी गोनिल त्यांच्यापैकीच. त्यामुळे ‘नी’ दिसला म्हणून कुमारी समजू नका. आणि नुसतं ‘गोनिल’ लिहू नका, ‘नी गोनिल’ हेच पूर्ण आडनाव आहे.