तुटलेला रॅक परत पाठवण्याआधी

प्रश्न : गाडीच्या डिकीवर पट्ट्यांनी बांधायचा सायकल रॅक मी गेल्या वर्षी घेतला. नुकताच प्रवासात त्याचा खालचा दांडा वेल्डिंगपाशी तुटला आणि दोन्ही सायकली रस्त्यावर पडल्या. कोणाला इजा झाली नाही. मात्र एका सायकलीची फ्रेम वाकली, दुसऱ्या कार्बन फ्रेमच्या सायकलीवर ओरखडे उठले आणि डिकीच्या दाराला पोचा आला. तुटलेला रॅक पाठवल्यास नवा देऊ, पण इतर नुकसानीशी आमचा संबंध नाही, असे कंपनी म्हणते. मी काय करावे?

उत्तर : कंपनीचा प्रस्ताव तूर्त स्वीकारू नये आणि तुटलेला रॅक तर मुळीच हातचा सोडू नये, कारण आपल्या दाव्याचा मुख्य पुरावा तोच आहे. वेल्डिंगपाशी धातू बहुतेक वेळा एका झटक्यात तुटत नाही. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी तिथे पुन्हा पुन्हा ताण येऊन आधी बारीक चीर पडते, ती हळूहळू वाढत जाते आणि उरलेल्या धातूला भार पेलेनासा झाला की दांडा तुटतो. अशा तुटलेल्या टोकाकडे भिंगातून पाहिल्यास काही भाग गुळगुळीत, शिंपल्यावर असतात तशा वक्र रेषांचा, तर उरलेला खरखरीत दिसू शकतो. पोलादी दांड्याच्या गुळगुळीत भागावर गंज असेल, तर चीर बऱ्याच आधी पडली असावी, असे मानायला आधार मिळतो. ही चीर रंगाखाली दडलेली होती की डोळ्यांना दिसण्याजोगी होती, यावर मात्र पुष्कळ अवलंबून राहील, कारण दिसण्याजोगी असल्यास ‘वापरण्यापूर्वी तपासायला हवे होते’ असे उत्तर कंपनीकडून येईल.

म्हणून तुटलेली टोके एकमेकांना जुळवून पाहू नयेत, पुसू नयेत, तेल लावू नये. शेजारी मोजपट्टी ठेवून जवळून छायाचित्रे काढावीत आणि टोके वेगवेगळी गुंडाळून कोरड्या जागी ठेवावीत. पट्टे, बकल आणि हूकही जपावेत. कंपनीला तपासणी करायची असेल, तर ती आपल्या किंवा आपण नेमलेल्या तज्ज्ञाच्या समक्ष व्हावी आणि आपल्या लेखी संमतीशिवाय तुकडा कापला जाऊ नये, हे आधीच कळवावे.

जास्त वजन आणि चुकीची जोडणी, हे दोन आक्षेप बहुधा येतीलच. साध्या सायकलीचे वजन साधारण १० ते १५ किलो असते, तर विजेवर चालणारी सायकल २० किलोंच्या पुढे सहज जाते. आपल्या सायकलींचे वजन करून ते रॅकच्या माहितीपुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावे, आणि आपल्या गाडीचे मॉडेल कंपनीच्या यादीत आहे की नाही, हेही पाहावे.

कार्बन फ्रेमच्या सायकलीची मला अधिक काळजी वाटते. वरून नुसता ओरखडा दिसत असला तरी आतले थर सुटलेले असू शकतात आणि अशी फ्रेम चालवताना अचानक तुटू शकते. जाणकाराकडून तपासणी होऊन लेखी अहवाल मिळेपर्यंत ती सायकल कृपया कोणालाही चालवू देऊ नका. तपासणीचा खर्चही मागणीत धरावा.

वॉरंटी हे कंपनीने स्वतःहून दिलेले आश्वासन असते आणि ते अनेकदा रॅक बदलून देण्यापुरतेच असते. सदोष वस्तूमुळे इतर मालमत्तेचे नुकसान झाल्यास भरपाई मागण्याचा हक्क अनेक देशांच्या कायद्यांत वॉरंटीपेक्षा स्वतंत्र आहे. त्यामुळे विक्रेता आणि उत्पादक या दोघांनाही पावतीची प्रत, छायाचित्रे आणि दुरुस्तीची अंदाजपत्रके जोडून लेखी मागणी पाठवावी आणि उत्तरासाठी मुदत द्यावी. सायकलीची किंमत नवी म्हणून न मागता वापराची घट वजा करून मागितल्यास मागणी अधिक टिकाऊ ठरते. दाव्याची कायदेशीर मुदत वकिलाकडून किंवा ग्राहक संघटनेकडून लगेच जाणून घ्यावी.

विमा कंपनीलाही विनाविलंब कळवावे. गाडीच्या विम्यात दाराचा पोचा बसू शकतो. सायकलींसाठी मात्र बहुधा वेगळा किंवा घरगुती विमा लागतो. विमा कंपनी पैसे देते तेव्हा ते दोषी पक्षाकडून वसूल करण्याचा हक्क सहसा तिच्याकडे जातो, आणि आपण ‘सर्व दावे मिटले’ अशा कागदावर सही केलेली असेल तर तो हक्क बुडून आपलाच दावा अडचणीत येऊ शकतो. नवा रॅक घ्यायचाच झाला, तर तो केवळ रॅकच्या बदल्यात घेतला असून उर्वरित नुकसानीची मागणी कायम आहे, असे पोचपावतीवर लिहूनच घ्यावा.