पावसाळा संपला की नडग्यांवर पांढरे ओरखडे उठतात. रोज खोबरेल लावूनही फरक पडत नाही. काय चुकतंय?

तेल बरोबर आहे, ते लावायची वेळ चुकत असावी.

खोबरेल त्वचेला पाणी देत नाही. आत आहे ते पाणी उडू देत नाही, एवढंच त्याचं काम. सुक्या पायावर झोपताना तेल चोळलं तर धरून ठेवायला ओलावाच नसतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस माघार घेतो, हवा कोरडी होते, दुपारचं ऊन मात्र कडकच राहतं. नडगीवर तैलग्रंथी मुळात कमी, म्हणून पहिला फटका तिथेच बसतो.

आंघोळीचं पाणी कोमट ठेवा आणि ५ ते १० मिनिटांत आटोपा. कढत पाणी त्वचेची स्वतःची स्निग्धता धुऊन नेतं. साबण काख, जांघा आणि पावलांपुरताच. साबणाचा पीएच (आम्लता-अल्कता सांगणारा आकडा) ९-१० असतो, त्वचेचा ५ च्या आसपास. वेष्टनावर टीएफएम (साबणातल्या स्निग्ध घटकांचं प्रमाण) ७६ टक्के छापलेलं असलं तरी हा फरक मिटत नाही, त्यामुळे त्या आकड्यावर फार विसंबू नका. अंग पंचाने टिपा, रगडू नका, आणि त्वचा ओलसर असतानाच, ३ मिनिटांच्या आत, तेल किंवा क्रीम लावा. गुडघ्याखाली एका पायाला अर्धा चमचा तरी क्रीम लागतं. बहुतेक जण याच्या निम्मंही घेत नाहीत.

ग्लिसरीन घरात असेल तर नुसतं लावू नका, चिकट होतं. १ भाग ग्लिसरीनमध्ये २ भाग पाणी मिसळा, ओल्या त्वचेवर लावा आणि वरून तेलाचा हात फिरवा. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही तर रात्री १० टक्के युरियाचं क्रीम लावून बघा. खाजवून सोललेल्या जागी ते झोंबतं, तेवढी जागा सोडा.

दिवाळीतल्या अभ्यंगाचा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो: आधी कोमट तिळाचं तेल, १५-२० मिनिटं मुरू द्यायचं, मग उटणं. उटण्याने वरचं जास्तीचं तेल निघतं, म्हणून त्यानंतर साबण नको. उटणं दुधात किंवा सायीत सैल कालवा. कोरडं घासलं तर बारीक ओरखडे उठतात. मुलतानी माती जास्त असलेलं उटणं कोरड्या त्वचेला नकोच.

टाचांना भेगा असतील तर पाय १० मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, वज्री हलकेच फिरवा, पुसा आणि कोकमाचं तेल वितळवून भेगांत भरा. ते सोसवेल इतपतच कोमट हवं. वर सुती मोजे घालून झोपा. कोकमतेल मिळालं नाही तर पेट्रोलियम जेली तितकीच कामाची. मधुमेह असेल तर वज्री, ब्लेड काहीच नको, भेगा डॉक्टरांना दाखवा.

एक तपासून घ्या. कडेला लाल, मध्ये निवळत जाणारा, खाजणारा गोल चट्टा असेल तर ते गजकर्ण, म्हणजे बुरशीचा संसर्ग, असू शकतं, नुसता कोरडेपणा नव्हे. रात्री खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल आणि घरातल्या इतरांनाही खाजत असेल तर खरजेची शंका घ्या. दोन्हींत तेल चोळून काही होत नाही. दुकानदाराने दिलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमं तर लावूच नका: खाज चार दिवस थांबते, बुरशी मात्र पसरते आणि पुढे निदान करणंही अवघड होतं.