उंदीरमातांच्या निरीक्षणाला सुरुवात करताना

परळच्या प्रयोगशाळेत तुम्ही पांढऱ्या उंदरांच्या मातृवर्तनाचे काम हाती घेतले, याचा मनापासून आनंद झाला. सर्वांत आधी प्रत्येक मादीची पूर्वपीठिका नोंदवा: ती कधी व्याली आहे का, पिलांच्या सहवासात राहिली आहे का. नवखे अभ्यासक बहुधा इथेच चुकतात. एकदा पिले वाढवलेली मादी मधे कित्येक आठवडे गेले तरी पिलांना चटकन जवळ करते, आणि तिला पहिलटकरणींच्या गटात घातले की सगळी तुलनाच फसते.

प्रसूतीच्या तोंडावर शरीरातील संप्रेरके (हार्मोन्स) मादीला पिलांसाठी तयार करतात: प्रोजेस्टेरॉन घटते, इस्ट्रोजेन वाढते, प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन त्यांना साथ देतात; तूर्त एवढे पुरे, मेंदूचा भाग नंतर पाहू. न व्यालेली मादी मात्र सुरुवातीला पिलांचा वास घेऊन मागे सरते, पण रोज पिले समोर असली तर साधारण आठवडाभरात ती त्यांना तोंडात धरून घरट्यात आणू लागते, चाटते, त्यांच्यावर ओणवी राहते. मातृवर्तनाचे अभ्यासक रोझेनब्लाट यांनी हे 1967 मध्ये दाखवले. अशा मादीला दूध नसते, म्हणून पिले रोज बदला आणि पोट भरलेलीच ठेवा. पोट भरलेल्या पिलाच्या पोटातील दुधाचा पांढरा पट्टा नाजूक कातडीतून स्पष्ट दिसतो.

चाचणी मादीच्या स्वतःच्या पिंजऱ्यातच घ्या, हाताला सुगंधी साबण नको. गणेशोत्सवात परळ-लालबागला ढोल-ताशे असतात, ते दिवस टाळा. वातानुकूलित खोलीत उघडी पिले लवकर गारठतात, त्यांना ऊब द्या.