गाडीतला पेट्रोलचा वास: आधी वेळ बघा, मग पार्ट बदला

प्रश्न: सकाळी गाडी सुरू केली की पाच-दहा मिनिटं पेट्रोलचा वास येतो. इंजिन तापलं की वास जातो. गाडीखाली एक थेंबही दिसत नाही. टाकीचं झाकण बदलून झालं, उपयोग शून्य.

उत्तर: झाकणाचा दोष असता तर वास थंड-गरम पाहून आला नसता. थंड इंजिनावर येऊन नंतर जाणारा वास बहुतेक वेळा बोनेटखालचा असतो. इंजेक्टरच्या (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या पार्टच्या) ओ-रिंगा, म्हणजे सील करणाऱ्या रबरी कड्या, जुन्या झाल्या की कडक होतात, थंडीत आकसतात आणि पेट्रोल पाझरतं. इंजिन तापलं की त्या फुगून बसतात. तोवर पाझरलेलं पेट्रोल उडूनही गेलेलं असतं, म्हणून खाली थेंब सापडत नाही. काचेखालच्या जाळीतून ब्लोअर बाहेरची हवा ओढतो आणि वास थेट आत येतो. खात्री करायची तर हवा आतल्या आत फिरवणारं बटण दाबा. वास कमी झाला तर तो बाहेरून येतोय, तसाच राहिला तर उगम आत आहे.

थंड इंजिनावर पहिलं मिनिटभर सायलेन्सरमागे थोडा वास येतोच, कारण तेव्हा मिश्रणात पेट्रोल जास्त असतं. तो दोष नव्हे.

गळती शोधायची तर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं बोनेट उघडा. इंजिन सुरू न करता किल्ली ऑनवर न्या, दोन-तीन सेकंद थांबा, बंद करा. मागून पंपाची घरघर ऐकू येते. असं तीन-चार वेळा केलं की लाइनमध्ये पूर्ण प्रेशर येतं. काही गाड्यांत नुसत्या ऑनवर पंप चालत नाही. तिथे इंजिन क्षणभर सुरू करून बंद करा. आता टिश्यू पेपरची बारीक सुरळी करून प्रत्येक इंजेक्टर जिथे रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) शिरतो तिथे फिरवा, मग रेलच्या पाइपच्या जोडावर. कागद ओला झाला, वास आला, की जागा सापडली. जुना पाझर असेल तर तिथे पिवळसर-तपकिरी डाग दिसतो, किंवा धुळीत एखादाच पट्टा स्वच्छ धुतलेला दिसतो. उजेडाला एलईडी टॉर्च वापरा. वायरवरचा काचेचा बल्ब फुटला की ठिणगी आलीच.

इंजेक्टरची वरची ओ-रिंग पेट्रोल अडवते, खालची हवा. खालची खराब झाली तर आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनचं चालणं) बिघडेल, पेट्रोल गळणार नाही. तरी रेल उतरवलीच आहे तर सगळ्या इंजेक्टरच्या दोन्ही बदला.

काम करताना आधी पंपाचा फ्यूज काढा, इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडू द्या, मग दोन-तीन सेकंद स्टार्टर मारा. नंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. जोड सोडताना त्यावर फडकं धरा. थोडं प्रेशर उरतंच. नव्या ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचा एक थेंब लावा आणि इंजेक्टर सरळ दाबून बसवा. कोरडा, तिरका घातला की रिंग कापली जाते आणि नवा पार्ट पहिल्याच दिवशी गळतो. सिलिकॉन पेस्ट अजिबात नको, पेट्रोलमध्ये ती टिकत नाही. जोडणी झाली की पुन्हा किल्ली ऑन-ऑफ, पुन्हा टिश्यू, आणि मगच स्टार्ट.

रबरी पाइप तडकलेला निघाला तर इंजेक्शनच्या प्रेशरचाच पाइप घ्या. त्यावर ‘३०आर९’ असा शिक्का असतो. कार्ब्युरेटरच्या गाडीचा पाइप दिसायला तसाच असतो, पण इथलं ३-४ बार प्रेशर त्याला झेपत नाही. हे सगळं साध्या इंजेक्शनच्या गाडीसाठी. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या इंजिनात प्रेशर शंभर बारच्याही पुढे जातं. तिथे घरी हात घालू नका.

प्रश्न: टाकी फुल केली की दोन दिवस वास येतो आणि पंपावरून निघताना गाडी लवकर स्टार्ट होत नाही.

उत्तर: या दोन्ही तक्रारी एकत्र आल्या की पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकल्याची शंका घ्या. टाकीतली वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठते आणि हा व्हॉल्व्ह ती गरजेपुरती इंजिनात सोडतो. तो बंदच होत नसेल तर टाकी भरताना ढकललेली सगळी वाफ इंजिनात जाते. आयडलिंगवर व्हॉल्व्हचा वायरिंग कनेक्टर काढा, कॅनिस्टरकडचा पाइप सोडा आणि व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर बोट ठेवा. ओढ जाणवली तर व्हॉल्व्ह बदला.

नोझल आपोआप बंद पडल्यावर आकडा पूर्ण करायला आणखी पेट्रोल भरायची सवय असेल तर ती आधी सोडा. त्याने वाफेऐवजी द्रव पेट्रोल कॅनिस्टरमध्ये जातं, आणि भिजलेला कॅनिस्टर बदलावाच लागतो. स्कॅनरवर पी०४५५ आला तर मात्र पहिल्यांदा झाकण बघा. मोठ्या गळतीचा हा कोड नुसत्या सैल झाकणानेही येतो.

प्रश्न: फ्युएल पंप बदलल्यापासून मागच्या सीटवर वास येतो, पण टाकी निम्म्याखाली गेली की नाही.

उत्तर: पंपाचं सील नीट बसलेलं नाही. पातळी वर असली की वळणावर पेट्रोल तिथवर उसळतं. सीटखालचं झाकण काढून पंपाभोवती ओल किंवा चिकटलेली धूळ बघा. टाकी पाव भागाखाली असतानाच पंप उचला. जुनं सील पेट्रोलमध्ये फुगलेलं असतं आणि खाचेत पुन्हा बसत नाही, म्हणून नवंच घाला. खाच कोरडी पुसा आणि पंप आवळणारी रिंग खुणेपर्यंत फिरवा.

प्रश्न: डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो, ऑइलची पातळीही वाढलीय.

उत्तर: गाडी चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. इंजेक्टर बंद असताना गळतोय का, आणि रेलवर प्रेशर रेग्युलेटर असल्यास त्याच्या व्हॅक्यूम पाइपमध्ये पेट्रोल आहे का, ते तपासून घ्या. पाइप ओला म्हणजे आतला पडदा फाटला. मिसिंग होत असेल तर प्लग आणि कॉइलही बघा. दुरुस्तीनंतर ऑइल-फिल्टर बदलायलाच हवेत.

प्रश्न: डिकीत कॅनमधून पेट्रोल सांडलं. व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेऊ का?

उत्तर: नाही! त्याच्या मोटरच्या ठिणगीने वाफ पेटेल. कापडाने टिपा, कार्पेट आणि खालचा फोम बाहेर काढून मोकळ्या हवेत वाळवा, मग खायचा सोडा पसरून रात्रभर ठेवा आणि ब्रशने झाडा. फोमचा वास तरीही गेला नाही तर फोम बदला. वर परफ्यूम मारू नका, खरी गळती सुरू झाली तर कळणार नाही.