रोजचा एक फोटो: अँस्ट्रदरच्या बंदरावरून रोजनिशी करणाऱ्या मुलीस

बाळ,

तू पाठवलेले महिनाभराचे फोटो नीट पाहिले. सूर्योदय भरपूर आहेत आणि सगळे देखणे आहेत. पण एकाही फोटोखाली ओळ नाही. कुठला धक्का, कुणाची बोट, पाणी चढत होतं की उतरत होतं, काही म्हणता काही कळत नाही. रोजनिशी म्हणतेस ना तिला? मग ती वाचता आली पाहिजे. माझं मुख्य सांगणं एवढंच. पुढे लिहिते आहे तो ते जमवायचं कसं याचा पसारा.

स्कॉटलंडमधल्या फाइफच्या त्या किनाऱ्यावर एली, सेंट मोनन्स, पिटनवीम, अँस्ट्रदर, क्रेल अशी गावं एका पायवाटेवर ओळीनं आहेत. त्यामुळे रोज नवं गाव गाठायचा मोह होतो. तो आवर. आठवड्यातून एकदा खुशाल भटक. बाकीचे दिवस एक जागा आणि एक वेळ ठरवून घे. तुझ्या घराजवळचं आतलं बंदर आणि सकाळचे नऊ, हे मला पसंत आहे.

नऊच का, ते सांगते. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलंयस ना, त्याचा तिथे उपयोग आहे. आपल्याकडे किनाऱ्यावरची माणसं तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे मुंबईकडे दुपारी बाराच्या अलीकडे-पलीकडे पाणी भरतं. चंद्र तोच, पण किनारा वेगळा. अँस्ट्रदरसाठी त्या आकड्यात आणखी तीनेक तास मिळव, आणि उन्हाळ्यात घड्याळं पुढे केली की वर अजून एक. हिशेब ढोबळ आहे. खडकांवर उतरायचं असेल तर छापील वेळापत्रकच बघायचं, तिथे पंचांगावर विसंबायचं नाही. पण फोटोसाठी त्यातून फार कामाची गोष्ट निघते. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढच्या एक-दोन दिवसांत, उधाणाच्या वेळी, हिवाळ्यातल्या घड्याळाप्रमाणे सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी असते. आतलं बंदर कोरडं पडतं आणि बोटी चिखलावर कुशीला टेकतात. त्यानंतर भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येत जाते. अष्टमीच्या आसपास त्याच नऊ वाजता त्याच पायऱ्यांवर पाणी असतं, भांगेचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, मवाळ. उधाणात वरच्या आणि खालच्या पाण्यात पाचेक मीटरचा फरक पडतो. तू जागची हलली नाहीस तरी पंधरवड्यात बंदर तुझ्यासमोर भरतं, रितं होतं, पुन्हा भरतं. हे सूर्योदयाच्या मागे धावून मिळत नाही.

उजेडाची काळजी करू नकोस. डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा असतो, हे खरं. सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवून साडेतीनला मावळतो. पण ऐन दुपारी बारालाही तो क्षितिजावर फक्त दहा-अकरा अंश चढलेला असतो. त्यामुळे लांब सावल्या आणि तिरकं ऊन दिवसभर मिळतं. इथे मुंबईत त्यासाठी पहाटे उठावं लागतं. जूनमध्ये उलटी तऱ्हा: साडेचारच्या आत उजाडतं, रात्री दहापर्यंत दिसतं, आणि झोपायचं कधी ते कळत नाही.

‘हार’ मात्र तुला छळेल, म्हणजे तिथलं समुद्रावरचं धुकं. वसंतात आणि उन्हाळ्यात गार उत्तर समुद्रावर उबदार हवा आली की धुकं धरतं, आणि पूर्वेचा वारा ते गावात ढकलतो. दोन-तीन मैल आत शेतांवर लख्ख ऊन असेल आणि तुला समोरचा धक्का दिसणार नाही. तोही दिवस चुकवायचा नाही. कॅमेरा पांढऱ्या धुक्याला राखाडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर एखाद्या स्टॉपनं वाढव, म्हणजे उजेड दुप्पट घे. मग जवळच्या वस्तूंकडे वळ.

जवळच्या वस्तू म्हणजे काय? क्रील घे. शेवंडी आणि खेकडे धरायचा तो पिंजरा. धक्क्यावर त्यांच्या राशी असतात आणि सगळे त्या राशींचाच फोटो काढतात. तू एकच क्रील बघ. लोखंडी चौकट खडकावर घासून झिजू नये म्हणून तिला दोर किंवा रबराच्या पट्ट्या घट्ट गुंडाळलेल्या असतात. बाजूला जाळीचं नरसाळं असतं, त्यातून शेवंड आत शिरते. कुठली पट्टी जुनी, कुठली काल बांधलेली, कुठे जाळी वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं सांधली आहे, हे दिसू दे. सांधणाऱ्या माणसाचे हात काढायचे असतील तर आधी विचार. ‘फोटो कशाला?’ असं तो विचारणारच. सरळ सांग, आणि पुढच्या आठवड्यात एक प्रिंट त्याच्या हातात दे. फोनवर दाखवणं वेगळं. मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नाहीत. सीलच्या जवळ जाऊ नकोस. ठरवून दिलेल्या विसाव्याच्या जागी त्यांना त्रास देणं स्कॉटलंडमध्ये गुन्हा आहे.

आता ओळींबद्दल. फोटोग्राफीचा शोध नवा होता तेव्हा, १८४३ पासून पुढच्या काही वर्षांत, डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट ॲडमसन यांनी एडिनबराजवळच्या न्यूहेवन बंदरातल्या कोळी लोकांची छायाचित्रं काढली. हिल चित्रकार होता. ॲडमसन सेंट अँड्र्यूजचा, म्हणजे आता तुझ्या शेजारगावचाच, आणि १८४८ मध्ये सव्विसाव्या वर्षी गेलासुद्धा. कागदी निगेटिव्हला उजेड फार लागे, म्हणून माणसांना उन्हात स्तब्ध राहावं लागायचं. त्यातल्या जीनी विल्सन आणि ॲनी लिंटन या मासळीवाल्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, कारण कुणीतरी ती लिहून ठेवली. त्याच संग्रहातले कितीतरी चेहरे नुसते ‘न्यूहेवनची मासळीवाली’ म्हणून उरलेत. फोटो तितकेच सुंदर आहेत. पण मला राग येतो.

म्हणून त्याच संध्याकाळी लिही. कविता नको. ‘मंगळवार. पूर्ण ओहोटी. निळी बोट उजव्या कुशीवर. पुढचा दोर नवा.’ इतकं बास. बोटीवरचा क्रमांक टीप. क्रमांक केवायनं (KY) सुरू होत असेल तर बोट फाइफमधल्याच कर्कॉडीत नोंदलेली, म्हणजे तिथली. दुसरी अक्षरं दिसली तर ती बाहेरून का आली, ते धक्क्यावर विचार. आणि ज्यानं हातांचा फोटो काढू दिला, त्याचं नाव त्याच्या परवानगीनं.

पफिन या समुद्रपक्ष्यांचं म्हणशील तर, ‘मे’ नावाच्या बेटावर एकदा जाऊन ये. एप्रिल ते जुलै ते असतात, ऑगस्टच्या मध्यापर्यंत निघून जातात. हौस फिटली की पुरे. पफिनचे फोटो जगात पुष्कळ आहेत, तुझ्या बंदरातल्या त्या निळ्या बोटीचे नाहीत.

लांब पल्ल्याची लेन्स घेऊ का, असं विचारलंयस. आत्ता नको. त्या पैशांत चांगले बूट, वारा अडवणारं जाकीट आणि एक जादा हार्ड डिस्क येईल. थंडीत बॅटरी लवकर उतरते, जादाची आतल्या खिशात अंगाजवळ ठेव. लेन्सवर खारं पाणी उडालं तर कोरड्या फडक्यानं घासू नकोस, आधी गोड्या पाण्यानं ओलसर केलेलं फडकं फिरव. पुढच्या महिन्याचे फोटो पाठवशील ते ओळींसकट. मराठीत लिहिलेस तरी चालेल, पण बोटीचे क्रमांक बरोबर हवेत. मी तपासणार आहे.

तुझी,
मावशी