‘माद्या’ असा एकच रकाना नको

प्रिय विद्यार्थिनीस,

आतड्याच्या वेदनेवरच्या तुझ्या प्रयोगाचा आराखडा वाचला. रॅटच्या मोठ्या आतड्यात फुगा फुगवायचा, वेदनेची प्रतिक्रिया म्हणून पोटाच्या स्नायूचा ईएमजी (आकुंचनाची विद्युत नोंद) घ्यायचा आणि नर-मादी तुलना करायची, इथवर ठीक. अडलं ते ‘माद्या’ या एकाच रकान्यापाशी. मादीचं प्रजननचक्र चार-पाच दिवसांचं असतं; प्रोएस्ट्रस, एस्ट्रस, मेटएस्ट्रस, डायएस्ट्रस हे त्याचे टप्पे. प्रोएस्ट्रसला एस्ट्राडायोल हे स्त्री-हॉर्मोन चढतं, एस्ट्रसपर्यंत उतरतं. जमेल त्या दिवशी चाचणी घेतलीस, तर हा चढउतार सरासरीत विरून जाईल.

टप्पा ओळखायला चाचणीआधी किमान दोन चक्रं रोज ठरल्या वेळी स्मिअर, म्हणजे योनीतल्या पेशींचा नमुना, घे. ड्रॉपरचं टोक योनिमुखाशीच ठेवायचं, थोडं सलाइन सोडून परत ओढायचं, थेंब स्लाइडवर. ठळक केंद्रकाच्या गोल पेशींचे पुंजके दिसले तर प्रोएस्ट्रस. केंद्रक नसलेल्या, कडा दुमडलेल्या खवल्यांसारख्या पेशी दिसल्या तर एस्ट्रस. पांढऱ्या पेशींचीच गर्दी म्हणजे डायएस्ट्रस. मेटएस्ट्रसमध्ये सगळ्यांची सरमिसळ असते आणि नवख्यांची नजर तिथेच फसते. दोघांनी स्वतंत्रपणे स्लाइड वाचलेली बरी.

टोक आत खुपसू नकोस. गर्भाशयमुखाला धक्का लागला की खोटी गर्भावस्था सुरू होऊ शकते, मग मादी बारा-चौदा दिवस डायएस्ट्रसमध्येच अडकते. शिवाय त्या स्पर्शाने वेदनेची प्रतिक्रिया काही काळ दबते. म्हणून चाचणीच्या दिवशी स्मिअर नंतर घ्यायचा. तू नेमका उलटा क्रम लिहिला आहेस.

फुग्याचं म्हणशील तर ठरावीक घनफळाने नव्हे, ठरावीक दाबाने फुगव. मादी लहान, तिचं आतडंही लहान. तेवढ्याच हवेने तिथे ताण जास्त पडतो आणि तो फरक हॉर्मोनच्या खात्यावर जमा होतो. २०, ४०, ६०, ८० मिलिमीटर पारा, प्रत्येकी २० सेकंद, मध्ये चार मिनिटं. आत लेंड्या असतील तर फुगा नीट बसत नाही. नवा लॅटेक्स आधी ताणून सैल कर, नाहीतर पहिल्या दाबांचा बराचसा भाग रबरच खाऊन टाकतं. गळती पाण्यात बुडवून बघ.

प्रत्येक प्राण्याचा ईएमजी त्याच्याच ८० च्या प्रतिक्रियेने भागायचा तुझा बेत सोड. ८० वर सगळे गट आपोआप सारखे होतील, आणि फरक असलाच तर तिथे तो पुसला जाईल. त्याऐवजी फुगवण्याआधीची पातळी वजा कर आणि शक्यतो तीच मादी चक्राच्या दोन्ही टप्प्यांत तपास.

प्रोएस्ट्रसमध्ये प्रतिक्रिया वाढल्याची निरीक्षणं आहेत. ती खरी ठरली तरी कारण एस्ट्राडायोलच, असं लगेच लिहू नकोस. त्यासाठी अंडाशय काढलेल्या माद्या हव्यात, निम्म्यांना तेलातून एस्ट्राडायोल आणि निम्म्यांना नुसतं तेल.

आणि शीर्षकातला ‘स्त्रियांमधील’ शब्द काढ. रॅटला पाळी येत नाही. आयबीएस (पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारींचा आतड्याचा विकार) असलेल्या बऱ्याच स्त्रियांचा त्रास पाळीच्या सुमारास वाढतो, म्हणजे एस्ट्राडायोल आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही हॉर्मोन तळाला असताना, एस्ट्राडायोल चढलेल्या प्रोएस्ट्रसच्या उलट.